गिरिजाच्या पूजेइतकी वाफ

आमच्या घरात माणसं मोजकी होती आणि आवाज फार. पुढे राहतं घर, मागे फरशीचं अंगण, आणि अंगणापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये डाईंग, म्हणजे सूत रंगवायचा आमचा कारखाना. शेजारच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर यायचा. पाहुणे वैतागायचे, पण आम्हाला तो ऐकूच येत नसे. आम्हाला ऐकू यायची ती बॉयलरची शिटी. वाफ जास्त झाली की बॉयलरच्या डोक्यावरची झडप आपली आपण उघडायची, जादा वाफ बाहेर पडायची आणि अख्ख्या गल्लीला कळायचं की आमच्याकडे पाणी तापलं. त्या शिटीवर अम्मा भात लावायची, समोरचे म्हातारे दुपारची गोळी घ्यायचे, आणि मी शाळेला उशीर झाला म्हणून रडायला लागायचे. अम्मा म्हणायची की मी पाळण्यात होते तेव्हा शिटी वाजली की झोपायचे आणि थांबली की उठायचे. मला हे खरं वाटत नसे. पुढे अम्माचंच तसं झालं, तेव्हा पटलं.

घरात आम्ही चौघं. नान्ना म्हणजे माझे वडील, अम्मा, मी आणि नरसू काका. आमची घरातली बोली तेलुगू, बाहेरची मराठी, आणि भांडणाची जी सुचेल ती. काका नान्नांचा धाकटा भाऊ. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. मुली बघून झाल्या होत्या, पण प्रत्येक वेळी काहीतरी बिनसायचं आणि काका हसून परत बॉयलरपाशी जाऊन बसायचा. बॉयलर त्याच्याकडे होता. लाकडं आणि शेंगांची टरफलं यांचा विस्तव, आमच्या बोअरचं जड खारं पाणी, प्रेशर दाखवणारा काटा, सगळं त्याचं. नान्ना रंगांचे. कुठल्या लाल रंगात किती काळा मिसळला की लग्नाच्या चादरीचा लाल होतो, हे नान्नांच्या बोटांना कळायचं. दोघा भावांत बोलणं फार नसे. काका नान्नांना घाबरायचा, आणि त्याचं कारण मला कधीच समजलं नाही, कारण नान्नांनी त्याच्यावर आवाज चढवलेला मी ऐकलेला नाही. ते नुसते बघायचे. चाळिशीला आलेला माणूस, पण अन्नाने, म्हणजे थोरल्या भावाने, बघितलं की त्याच्या हातातला चहा हिंदकळायचा. आजोबांनी दोघांना बॉयलर हाती देताना एकच गोष्ट बजावून सांगितली होती असं घरात म्हणायचे. शिटीला हात लावायचा नाही. तिला ओरडायचं असेल तितकं ओरडू द्यायचं.

आता डिमसमकडे येते, कारण या प्रकरणात तेच सांगायचं आहे, आणि मी अजूनही खाण्याच्या गोष्टी सांगितल्याशिवाय दुसरं काही सांगू शकत नाही. कॉलेजच्या सहलीला आम्ही पुण्याला गेलो होतो. मी, गिरिजा आणि शाहीन. तिघी एका बाकावरच्या. शाहीनच्या मामाने आम्हाला एका भारी हॉटेलात नेलं आणि बांबूच्या छोट्या टोपल्यांतून काहीतरी वाफाळतं समोर आलं. पारदर्शक, आतलं गाजर बाहेरून दिसणारं, चुण्या घातलेलं. गिरिजा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे तर आमच्या आजीचं कडबू हाय, नुसतं इस्त्री केलेलं." एक तोंडात टाकला आणि तिघींचे हात पुन्हा टोपलीकडे गेले. वाफेला चव असते हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे वाफेच्या घरात जन्मून मला ते पुण्यात कळलं.

सोलापुरात तेव्हा मोमोच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. जाड मैद्याचे, आत कच्चा कोबी, वर लाल तिखट पाणी. शाहीन म्हणाली, "ये क्या डिमसम है? ये तो कपड़े की गठड़ी है." मग आम्ही ठरवलं की आपणच करायचे. मोबाइलवर बघून बघून आम्ही पिठं बिघडवली. शेवटी गिरिजाने तांदळाच्या उकडीत साबुदाण्याचं पीठ मिसळून पारी जमवली. तिचे हात मूळचेच मुरडीचे, अक्कलकोटकडच्या घरातले. बांबूच्या टोपल्या कुठे मिळणार, म्हणून आम्ही बुरुडाकडून छोट्या दुरड्या करून घेतल्या, एकात एक बसणाऱ्या. विणणारी बाई विचारत होती की यात कोंबडीची पिल्लं ठेवणार काय. आता माझी मुलगी फोनवरून डिमसम मागवते, ते कागदी डब्यात येतात आणि ती मला समजावते की आई, हे मोदक नाहीत. मी मान डोलावते. मुलीला सगळंच सांगत बसायचं नसतं.

वाफेची सोय काकाने केली. घरच्या शेगडीवर पाणी उकळायला वेळ लागायचा आणि अम्मा कुरकुर करायची. रविवारी डाईंग बंद असे, पण बॉयलर पूर्ण थंड होऊ देत नसत. मंद विस्तव ठेवायचा, म्हणजे सोमवारी पहाटे रंगाचे हौद लवकर तापतात. काकाने एक तांब्याचं जुनं घंगाळ घेतलं, त्यात वाफेच्या नळीचं बंद वेटोळं बसवलं आणि नळी अंगणापर्यंत आणली. वाफ नळीच्या आतून फिरायची, घंगाळातलं आपलं स्वच्छ पाणी तापायचं, आणि वर आमच्या दुरड्या. नळीला एक पितळी तोटी होती. काकाने ती एका खुणेपर्यंत उघडून दाखवली आणि खुणेवर लाल रंग लावला. इथपर्यंतच उघडायची, पोरींनो. आम्ही कधीच पुढे उघडली नाही. त्याच्या मोबदल्यात काकाला एक डिमसम हवा असे, पुरणाचा. फक्त एक. गिरिजा त्याच्यासाठी चणाडाळीच्या पुरणाचा, वेलची घातलेला, वर छोटी शेंडी काढलेला वेगळा करायची, आणि काका तो बशीत न घेता ओंजळीत घेऊन बॉयलरपाशी जायचा. बायका नवऱ्यासाठी करतात तसं कुणीतरी आपल्यासाठी वेगळं काही करतं, याचं त्याला किती वाटत असेल, ते मला आता या वयात कळतं.

प्रत्येकीचं आवडतं ठरलेलं होतं. माझे अंबाडीचे, अम्माने लसणाची फोडणी देऊन परतलेल्या आंबट पाल्याचे. ते शिजून काळपट व्हायचे आणि दिसायला वाईट, पण मी कुणाला हात लावू द्यायची नाही. गिरिजाचे मेथी आणि शेंगदाण्याच्या कुटाचे. शाहीनचे खिम्याचे. ते ती घरून करून डब्यात आणायची आणि गिरिजाचं जेवण होईतोवर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐटीत एकटी बसून खायची, मग हात धुऊन आमच्यात येऊन अंबाडीचे पळवायची. सोबत शेंगांची चटणी, तेल आणि जरा व्हिनेगर घालून पातळ केलेली. चिनी माणसाने बघितली असती तर काय म्हणाला असता कोण जाणे. नान्ना अंगणात खाटेवर पडून वर्तमानपत्र वाचायचे, आणि आम्ही समोर ठेवलेले सगळे डिमसम तेच संपवायचे.

शिजायला किती वेळ, हे आम्ही घड्याळावर कधी बघितलं नाही. गिरिजा लिंगायत घरातली, आणि तिच्या आजोबांनी लावलेली शिस्त अशी की इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. सकाळी केलेली असली तरी दुपारच्या जेवणाआधी पुन्हा. ती दुरड्या घंगाळावर चढवायची, तोटी खुणेपर्यंत उघडायची, हात धुऊन ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायची, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायची आणि पुटपुटत बघत राहायची. ती उठली की डिमसम झालेले असायचे. नेहमी. पारी काचेसारखी आणि आतलं गरम. एकदा शाहीनने गंमत म्हणून मोबाइलवर वेळ लावून बघितली, पुन्हा पुढच्या रविवारी बघितली, आणि मग नाद सोडला. गिरिजाची पूजा रोज तेवढीच व्हायची. ती शिजवायला पूजेला बसते की पूजेसाठी शिजवते, असं शाहीन चिडवायची. गिरिजा हसायची नाही. या एका बाबतीत ती हसायची नाही.

शिटी बंद झाली, हे अम्माच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं. गणपती उठले होते, आणि काळ्या टॉवेलांचं मोठं काम आलं होतं. काळ्याला पाणी फार वेळ कढत लागतं, म्हणून बॉयलर सारखा पेटता होता. एवढा पेटता बॉयलर आणि शिटी नाही. अम्माची दुपारची झोप गेली. ती उठून बसायची आणि म्हणायची की काहीतरी राहिलंय, काय राहिलंय ते आठवत नाही. भात दोनदा करपला. समोरच्या म्हाताऱ्यांनी गोळ्या चुकवल्या. मग एका दुपारी अम्मा ताट घासता घासता थांबली आणि म्हणाली की शिटीच वाजत नाही. काका जेवत होता. मान खाली घालून म्हणाला की ती उगाचच वाजत होती, वाफ फुकट जात होती, दुरुस्त करून घेतली. काटा अर्ध्याच्याही खाली असतो, तरी ही बया ओरडते, म्हणजे बिघाड तिच्यातच. नान्नांनी घास थांबवून त्याच्याकडे बघितलं. कुणाकडून केलीस, एवढंच विचारलं. काका म्हणाला, आहे एक ओळखीचा. नान्ना पुन्हा जेवायला लागले. मोठं काम अंगावर होतं, हात काळे झालेले होते, आणि काका आजवर त्यांच्याशी खोटं बोललेला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी घंगाळातलं पाणी लवकर उकळलं. आम्हाला आनंदच झाला. त्याच्या पुढच्या रविवारी गिरिजा पूजेवरून उठली तेव्हा खालच्या दुरडीतल्या पाऱ्या फाटलेल्या होत्या आणि माझी अंबाडी घंगाळात पोहत होती. शाहीन म्हणाली की पीठ पातळ झालं असेल. गिरिजाने दुरडी उचलून वास घेतला, खालच्या पाण्याकडे बघितलं, मग तोटीकडे. तोटी लाल खुणेवरच होती. घरात त्या दिवसांत काहीतरी दबा धरून बसलं होतं असं मी लिहिलं तर कुणी म्हणेल की आता माहीत आहे म्हणून लिहिते. पण मला खरंच भीती वाटायची. अंगणातून जाताना मी शेडकडे बघत नसे. बॉयलर नुसता उभा होता, गप्प. तो इतका गप्प मी जन्मात बघितला नव्हता.

मग तो रविवार आला. गिरिजाने मुद्दाम पीठ घट्ट मळलं होतं. काकाचा पुरणाचा मधोमध ठेवला. दुरड्या चढवल्या, तोटी खुणेपर्यंत उघडली, आणि ती पूजेला बसली. पाणी लगेचच उसळायला लागलं. घंगाळ फरशीवर थडथडत होतं. शाहीनने विचारलं की तोटी कमी करू का, आणि मी म्हटलं, नको, गिरिजा उठू दे. ती उठली, तोवर वरच्या दुरडीतूनही पाणी उडत होतं. तिने झाकण काढलं. आत डिमसम नव्हते. लगदा होता. पुरण, मेथी, गाजर सगळं एकात एक.

शाहीन म्हणाली, "आज तेरी पूजा लंबी हुई क्या गं? आँख लगी होगी."

मला वाटलं गिरिजा रागावेल. ती रागावली नाही. ती सरळ नान्नांच्या खाटेपाशी गेली. नान्नांना आम्ही मैत्रिणींनी आपणहून काही विचारलेलं मला आठवत नाही. गिरिजा त्यांना अप्पा म्हणायची.

"अप्पा, माझी पूजा तेवढीच झाली," ती म्हणाली. "वाफ वायली हाय. मागच्या रविवारी बी होती. तोटी तितंच हाय."

नान्नांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं की पोरी, देवाच्या नादात वेळ कळत नाही. मला तेच वाटत होतं. पण नान्ना कितीतरी रविवार त्या खाटेवर पडून तिला ओसरीत बसलेली बघत होते. त्यांनी विचारलं, "तू आज काही जास्त म्हटलंस का?" गिरिजाने मान हलवली. नान्ना उठले. घंगाळापाशी येऊन पाण्याकडे बघत उभे राहिले आणि अम्माला हाक मारून विचारलं की शिटी शेवटची कधी ऐकलीस. अम्मा दारातून म्हणाली, "गणपती उठल्यापासनं न्हाय. सांगितलं की मी."

मग सगळं हळू झालं, म्हणजे मला तसं आठवतं. नान्ना शेडच्या दाराशी गेले. काका आत स्टुलावर बसला होता, उद्याच्या कामासाठी नेहमीपेक्षा मोठा विस्तव करून. नान्ना म्हणाले, "नरसू, विस्तव बाहेर ओढ." काका हसला आणि बोटाने काटा दाखवला. "काटा बघ की अन्ना. अर्ध्याच्या बी खाली हाय." नान्ना पुढे झाले आणि काट्याच्या काचेवर नखाने टकटक केली. पुन्हा केली. मी दारात उभी होते, मला दिसलं. काटा थरथरलासुद्धा नाही. आमच्या खाऱ्या पाण्याच्या क्षाराने त्याची नळी आतून बुजून गेली होती, आणि तो कधीपासून एकाच जागी बसून होता. शिटी खरं सांगत होती आणि काटा खोटं. काकाने काट्यावर विश्वास ठेवला होता.

नान्नांनी आवाज चढवला नाही. त्यांनी काकाला विस्तव ओढायला लावला आणि स्वतः हौदांकडे निघाले, एकेका हौदाची वाफ हळूहळू सोडायला, म्हणजे सगळी एकदम बाहेर येणार नाही. जाताना आम्हाला म्हणाले, "पोरींनो, रस्त्यावर जा. अम्माला घ्या, समोरच्यांना सांगा. वर कुणी जायचं न्हाय. वरच्याला हात लावायचा न्हाय, नंतर मी बघतो." वरचा म्हणजे झडप. मी बघतो, हे त्यांनी काळजीने म्हटलं होतं. काकाने ते कसं ऐकलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आपण उघडे पडल्यासारखा तो झडपेकडे जाणाऱ्या शिडीकडे बघत होता.

शाहीन म्हाताऱ्यांना उठवायला समोर गेली. अम्मा गॅस बंद करायला म्हणून परत आत गेली, बायका जातातच. मी आणि गिरिजा फाटकापाशी तिची वाट बघत उभ्या होतो. तिथून शेडचं दार दिसायचं. काकाचा विस्तव ओढून झाला होता, निखारे फरशीवर पसरले होते. आता नुसतं थांबायचं होतं. नान्ना पलीकडे हौदांपाशी, पाठमोरे. काकाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, भिंतीवरची पक्कड घेतली आणि लोखंडी शिडी चढायला लागला. गिरिजा ओरडली, "काका, नको." मी पण ओरडले. वाफेच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल. तो बॉयलरला घाबरून वर गेला नव्हता. झडपेला आवळून बांधलेली तार अन्नाला दिसू नये, म्हणून गेला होता.

मग शिटी वाजली. मी आयुष्यभर ऐकलेली शिटी ती नव्हे, पण तिचाच आवाज, सगळी गल्ली भरून टाकणारा. शेडच्या दारातून पांढरं काहीतरी बाहेर आलं आणि दार दिसेनासं झालं. घरातून अम्मा बाहेर येत होती, हात पदराला पुसत. तिने मान वर केली आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला, कितीतरी दिवसांनी. "वाजली बाई एकदाची," ती म्हणाली.

बॉयलर फुटला नाही. सोमवारी पहाटे तो फुटला असता, सगळे कामगार हौदांवर वाकलेले असताना, असं नंतर तपासायला आलेले म्हणाले. काका सोडून कुणाला काही झालं नाही. त्याच दिवशी संध्याकाळी, वाफेने भाजलेल्या काकाला दवाखान्यात ठेवून आल्यावर, नान्ना एकटेच शिडी चढून वर गेले. मी अंगणातून बघत होते. अर्धी तोडलेली तार झडपेला लोंबत होती, त्याला बांधलेलं लोखंडी वजनही. नान्ना तिथे बराच वेळ उभे राहिले.

काका दवाखान्यात काही दिवस होता. त्याला बोलता येत होतं, फार नाही. मला बघितलं की एकच विचारायचा. "अनू, अन्नानं वर बघितलं काय?" मी त्याच्या उशीपाशी बसून रडायचे आणि तो डोळे मिटून घ्यायचा. नान्ना खोलीत आले की तो भिंतीकडे तोंड करायचा. नान्नांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला तरी वळायचा नाही. दोघंही एकमेकांना काही बोलू शकले असते. मला आजही त्या दोघांचा राग येतो. नान्नांना शब्द सापडायच्या आधी काका गेला.

दहाव्याला आम्ही तलावाकाठी गेलो. आमच्यात गेलेल्याच्या आवडीचं सगळं करून पानावर ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. अम्माने भात, वडे, चिंचेचं सार, मटणाचं कालवण, सगळं केलं होतं. नान्नांनी गिरिजाला निरोप पाठवला होता. तिच्या घरात ही रीत नाही, ते कावळ्याला काही घालत नाहीत, तरी ती आली, आणि छोट्या डब्यात पुरणाचा एक डिमसम घेऊन आली, वर शेंडी काढलेला. नान्नांनी तो पानाच्या मधोमध ठेवला. गिरिजा लांब बाभळीखाली जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून ती माझ्याशी एकच गोष्ट बोलली होती. ती गप्प बसली असती तर काका वर गेला नसता, असं. मी तिला सोमवारचं सांगायचे, कामगारांचं सांगायचे. ती ऐकायची आणि तिला ते पटायचं नाही.

कावळे होते. भिंतीवर, बाभळीवर, पलीकडच्या पायऱ्यांवर. एकही खाली येईना. ऊन चढलं. कामगार आले होते, त्यातला एक पुढे होऊन म्हणाला की काका, डाईंग चालू राहील, काळजी करू नका. अम्मा म्हणाली की तुझ्या फोटोला रोज दिवा लावीन. कुणीतरी म्हणालं की पोरीच्या लग्नात तुमचा मान ठेवू. कावळे नुसते मान वाकडी करून बघत होते. नान्ना पानासमोर उकिडवे बसले होते. त्यांच्या हातांचा काळा रंग अजून गेला नव्हता. बऱ्याच वेळाने ते पानाकडेच बघत हळू बोलले, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं.

"नरसू, मी वर गेलो न्हाय. मी काय बघितलं न्हाय."

मला शिडीवरची त्यांची पाठ आठवली आणि मी तोंडावर पदरासारखी ओढणी दाबली. ते पुन्हा म्हणाले, "मला काय दिसलं न्हाय, बाळा." काकाला ते बाळा म्हणालेले मी आधी कधी ऐकले नव्हते. एक कावळा भिंतीवरून उतरला, भाताला शिवला नाही, वड्याकडे बघितलं नाही. पुरणाचा तेवढा चोचीत धरून तलावावरून निघून गेला. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, कावळ्याला गोड आवडतं एवढंच मी म्हणेन.

नान्ना उठले, हात धुतले, आणि सगळे निघायला लागले तसे ते घराकडे न जाता बाभळीखाली गेले. गिरिजा मान खाली घालून उभी होती. तिने नमस्कारासाठी वाकायचं म्हटलं तर नान्नांनी तिला अडवलं.

"सकाळपासनं काय खाल्लं नसशील तू," ते म्हणाले. "घरी चल. आधी पूजा कर, मग आपण जेवू. तेवढा वेळ मी थांबतो."